रास, भोवरा आणि सीताफळ

मार्च २०२५ मध्ये वडवणी तालुक्यातल्या खळवट लिमगावात आभाळातून दगड पडल्याची बातमी आली. एक दगड म्हणे घरावरचा पत्रा फोडून आत आला. फोटो मोबाइलवर फिरले आणि पुढच्या आठवड्यात माझ्या ओसरीवर दगडांची रीघ लागली. मी निवृत्त विज्ञान शिक्षक. कुणाला काही चमत्कारिक सापडलं की ते माझ्याकडे येतं. एकाने वीटभट्टीतला खंगर आणला, एकाने नदीतला गुळगुळीत गोटा, तिसऱ्याने गारगोटी. तिन्ही पृथ्वीवरचेच निघाले. चौथी आली ती आठवीतली एक मुलगी, रिकाम्या हाताने. तिने मोबाइलवर इतोकावा नावाच्या लघुग्रहाचा फोटो दाखवला आणि विचारलं, "सर, चंद्र गोल, पृथ्वी गोल, मग हाच असा भुईमुगाच्या शेंगेसारखा कसा?"

"तुटका तुकडा आहे, म्हणून," मी सांगून टाकलं. तीस वर्षं वर्गात हेच सांगत आलो होतो. ती गेली, पण फोटो माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तुटका दगड कसा दिसतो ते बालाघाटात राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. खडी केंद्रावर जा, धारेच्या कडा दिसतील, सपाट फुटलेल्या बाजू दिसतील. इतोकावाला तसली एकही कडा नाही. त्याच्या अंगावर धोंडे विखुरलेले, सखल भागात बारीक खडी साचलेली, मध्ये मानेसारखी खाच. फुटलेली वस्तू अशी दिसत नाही. अशी दिसते ती ओतलेली वस्तू.

माझं उत्तर चुकलं होतं. ही पुस्तिका म्हणजे त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे, आणि एका ओसरीवरच्या उत्तरासाठी सव्वाशे पानं लागली याची मलाच थोडी लाज वाटते.

आधी गोल वस्तूंचा निकाल लावू, कारण तो सोपा आहे. वस्तू पुरेशी मोठी असली की तिचं गुरुत्व तिच्याच दगडावर मात करतं. डोंगर फार उंच राहू शकत नाहीत, खड्डे फार खोल राहू शकत नाहीत, सगळं केंद्राकडे ओढलं जातं आणि गोळा तयार होतो. सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा सेरेस म्हणूनच गोल आहे. गोळ्याचं गणितही देखणं. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त सांगून ठेवलंय की गोलाचं पृष्ठफळ त्याच्या मधल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असतं. त्यांचं विज्जडविड म्हणजे आमचं बीडच, असा इथल्या लोकांचा दावा आहे. चाळीसगावजवळच्या पाटणचा दावाही तगडा आहे. वाद जुना आहे, मी त्यात पडत नाही. पण भास्कराचार्य बीडचे असोत वा नसोत, बीडचं सीताफळ बीडचंच आहे, त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि सीताफळाच्या पृष्ठफळाचं सूत्र 'लीलावती'त नाही. पृथ्वीच्या वाटेजवळून फिरणारे बहुतेक लघुग्रह सीताफळाच्या जातीचे आहेत.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे. तिथले काही भरकटून आतल्या बाजूला येतात आणि सूर्याभोवती फिरताना पृथ्वीच्या कक्षेजवळ पोचतात. असे तीस हजारांहून जास्त आज माहीत आहेत. बहुतेक एक किलोमीटरपेक्षा लहान. एवढ्याशा वस्तूचं गुरुत्व दगड वाकवू शकत नाही, म्हणून ती गोल होत नाही, इथपर्यंत माझं जुनं उत्तर बरोबर होतं. पुढचं चुकलं. मी समजत होतो की गुरुत्व कमी म्हणजे गुरुत्वाला काही कामच नाही. प्रत्यक्षात ते तिथे काम करतं, फक्त दगड वाकवण्याचं नाही. ते दगड गोळा करण्याचं आणि रचण्याचं काम करतं.

२००५ मध्ये जपानचं हायाबुसा यान इतोकावाजवळ पोचलं. लांबी सुमारे ५३५ मीटर, म्हणजे एखाद्या मध्यम गावाच्या एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत. यानावर त्याची जी ओढ पडली तिच्यावरून वस्तुमान काढलं, फोटोंवरून आकारमान काढलं, आणि भागाकार आला १.९. म्हणजे घनता पाण्याच्या दुपटीलाही पोचेना. ज्या जातीच्या दगडाचा तो बनलाय तो दगड स्वतः तीनच्या वर भरतो. मग उरलेलं काय? पोकळी. जवळपास चाळीस टक्के. बटाट्यांच्या पोत्यात बटाट्यांमध्ये जशी हवा असते तशी, फक्त इथे हवाही नाही. आतबाहेर सगळी दगडांची रास. कधीतरी मोठा लघुग्रह टकरीत फुटला, तुकडे उडाले, त्यातले काही मंद वेगाने पुन्हा एकमेकांवर येऊन बसले. माझा 'तुटका तुकडा' होता खरा, पण एक नव्हता, असंख्य होते, आणि आकार त्या तुकड्यांचा नसून त्यांच्या राशीचा होता.

राशीबद्दल मात्र मला बोलायचा अधिकार आहे. माझं आजोळ गेवराई तालुक्यात गोदाकाठी. रब्बीची ज्वारी निघाली की खळं व्हायचं. जमीन शेणाने सारवलेली, मधोमध तिवडा, त्याच्याभोवती बैलांची पात. मळणी झाली की आजोबा वावडीवर उभे राहून वाऱ्याच्या अंगाने उपणायचे. भूस उडून एका बाजूला, दाणे खाली. दाण्यांची रास वाढत जायची आणि तिचा उतार मात्र बदलायचा नाही. पाटी ओतली की दाणे घरंगळायचे, तळ रुंद व्हायचा, शेंडा वर जायचा, कडेचा कोन तोच. मी मूठभर दाणे शेंड्यावर टाकून राशीला जास्त उभी करायचा प्रयत्न करायचो. एक दाणा सुटायचा, मग दहा, मग सगळी बाजू सरकून पुन्हा त्याच कोनावर. आजोबा म्हणायचे, "रास तुझं ऐकत नाही." ज्वारीची रास वेगळ्या कोनाची, तुरीची वेगळ्या, गोदावरीच्या कोरड्या वाळूची वेगळ्या. आता हडंबा आलाय, खळी गेली, पण हडंब्याच्या तोंडाखाली सोयाबीनचा ढीग बघा, तोही आपला कोन सोडत नाही.

लघुग्रहावरच्या राशीला हाच नियम आहे. फरक दोन. पहिला फरक वजनाचा. बेन्नू या लघुग्रहावर शंभर किलो ज्वारीचं कट्टं एक ग्रॅमसुद्धा भरणार नाही. तिथून एखादा खडा सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटर वेगाने वर सुटला तर तो परत येणं अवघड. आपण त्याच्या कितीतरी पट वेगाने चालतो. दुसरा फरक हा की रास फिरते आहे. खळ्यावर बैल फिरायचे आणि रास जागेवर असायची. इथे खळ्यासकट सगळं गरगरतंय.

फिरण्याने काय होतं ते वर्गात दाखवायला मी एकदा कुंभाराच्या चाकावर वाळूचा ढीग ठेवून चाक फिरवलं होतं. वाळू पसरली, पोरं हसली, माझा सदरा भरला. दाखला लंगडा आहे, कारण चाकावर ओढ खालच्या दिशेला असते आणि लघुग्रहावर केंद्राकडे. तरी एवढं कळतं की फिरण्याचा जोर अक्षापासून दूर ढकलतो. लघुग्रहाच्या ध्रुवांवर तो जवळजवळ नसतो, विषुववृत्तावर सर्वात जास्त. म्हणून फिरणं वाढलं की मधल्या पट्ट्यातला माल उताराने घसरत विषुववृत्ताकडे येतो आणि तिथे कमरपट्ट्यासारखा साचतो. 'उताराने घसरत' हे शब्द वाचताना जरा थांबावं लागतं, कारण इथे उतार म्हणजे केंद्राकडची ओढ आणि बाहेरचा ढकला यांच्या बेरजेने ठरलेली दिशा. जे बाजूने बघणाऱ्याला चढ वाटेल ते तिथल्या खड्याला उतार असतं. पुस्तिकेत हे समजावायला मला सर्वात जास्त पानं लागली आहेत, आणि तरी ते प्रकरण दोनदा वाचावं लागेल.

बेन्नू आणि र्युगू दोघेही असे कमरपट्टा बांधलेले. र्युगूजवळ जपानचं हायाबुसा-२ यान जून २०१८ मध्ये पोचलं, बेन्नूजवळ अमेरिकेचं ओसायरिस-रेक्स त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. इंग्रजी लेखांतून या आकाराला लट्टूची उपमा देतात. आपल्याला ती जास्त जवळची, कारण आपला भोवरा हुबेहूब तसा. फक्त क्रम उलटा. आपला भोवरा सुतार आधी तासतो, आर ठोकतो, मग आपण जाळी गुंडाळून फिरवतो. हा आधी फिरला, मग भोवरा झाला.

पण फिरवलं कुणी? मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त थक्क करणारी गोष्ट हीच. उन्हाने. बीडमध्ये उन्हाचं कौतुक कुणी करत नाही, पण इथे करायला हवं. ऊन दगडावर पडतं, दगड तापतो, आणि ती उष्णता पुन्हा प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतो. बाहेर टाकताना दगडाला अतिशय बारीक धक्का बसतो. वस्तू गुळगुळीत गोल असली तर सगळे धक्के एकमेकांना पुसून टाकतील. वेडीवाकडी असली की बेरीज शून्य होत नाही, पवनचक्कीच्या तिरप्या पात्यांसारखं थोडं वळण उरतं. लाखो वर्षं ते साचत गेलं की फिरण्याचा वेग बदलतो. यार्कोव्स्की, ओ'कीफ, राद्झिएव्स्की आणि पॅडॅक या चौघांच्या आद्याक्षरांवरून याला यॉर्प परिणाम म्हणतात. २००७ मध्ये एका लहान लघुग्रहावर तो प्रत्यक्ष मोजला गेला आणि त्या लघुग्रहाचं नावच यॉर्प ठेवलं. बेन्नू ४ तास १८ मिनिटांत एक फेरी घेतो, आणि त्याच्या फेरीचा काळ शंभर वर्षांत साधारण एका सेकंदाने कमी होतोय. ऐकायला काहीच नाही. पण आकाश कोट्यवधी वर्षांचा हिशोब ठेवतं, त्यात हा सेकंद फार महागात पडतो.

किती वेगाने फिरलं की रास फुटेल, याचा हिशोब दहावीच्या पोराला करता येतो आणि मी तो पुस्तिकेत पूर्ण सोडवून दिला आहे. गंमत अशी की त्यात लघुग्रह केवढा आहे हे लागतच नाही. गोळा दुप्पट केला तर पृष्ठभागावरचं गुरुत्व दुप्पट होतं आणि तेवढ्याच फेऱ्यांना बाहेर फेकणारा जोरही दुप्पट. आकारमान दोन्ही बाजूंनी कटतं, उरते फक्त घनता. साध्या खडकाळ राशीसाठी उत्तर येतं सव्वादोन तासांच्या आसपास. आणि दुर्बिणींनी मोजलेल्या शेकडो लघुग्रहांत, दोनेकशे मीटरपेक्षा मोठ्यांपैकी जवळजवळ कुणीही २ तास १२ मिनिटांपेक्षा जोरात फिरत नाही. तिथे जणू भिंत आहे. ते बहुतेक सगळे एकसंध दगड नसून राशी आहेत, याचा यापेक्षा बोलका पुरावा मला माहीत नाही. लहान दगड मात्र मिनिटांत गिरक्या घेतात. ते खरोखरच एकेकटे दगड, माझ्या जुन्या उत्तरातले. बेन्नू हलका आहे, घनता १.१९, म्हणून त्याची भिंत तीन तासांजवळ येते. आजच त्याच्या विषुववृत्तावर फिरण्याने निम्म्याच्या आसपास गुरुत्व खाऊन टाकलेलं आहे.

भिंतीलाही एक खिंडार आहे. १९५० डीए नावाचा किलोमीटरभराचा लघुग्रह २.१ तासांत फिरतो आणि तरी शाबूत आहे. २०१४ मध्ये अभ्यासकांनी त्याचं कारण मांडलं: बारीक धुळीचे कण एकमेकांना हलकेच चिकटतात आणि मोठ्या दगडांना धरून ठेवतात. घरात याचा पडताळा घ्या. ज्वारीच्या राशीला उभी कडा करता येत नाही. तीच ज्वारी दळून आणा, पिठात बोटाने भोक पाडा, भोक तसंच राहतं.

भोवऱ्याची गोष्ट मात्र मी सांगितली तेवढी सरळ नाही, आणि वाचकाला फसवायचं नाही म्हणून इथेच सांगतो. बेन्नूच्या कमरपट्ट्यावर मोठी विवरं आहेत. विवरं पडायला काळ लागतो, म्हणजे पट्टा जुना. र्युगू तर आज ७.६ तासांत एक फेरी घेतो, एवढ्या संथ फिरण्याने पट्टा तयार होणं शक्य नाही; तो पूर्वी बराच जोरात फिरत असावा. म्हणून काही जण म्हणतात की फुटलेल्या लघुग्रहाचे तुकडे पुन्हा जमले तेव्हाच भोवरा घडला, उन्हाने नंतर फक्त हात फिरवला. बेन्नूवर आजही माल विषुववृत्ताकडे सरकल्याच्या खुणा आहेत, हेही खरं. माझा कल दोन्ही थोडं थोडं खरं असण्याकडे आहे. आपल्याकडे आयआयटी कानपूरचे ईशान शर्मा यांनी दाणेदार पदार्थांच्या गणितातून अशा छोट्या ग्रहगोलांचे आकार समजून घेण्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. ज्याला गणिताची भीती नाही त्याने पुढे तिकडे वळावं.

फिरणं भिंतीपर्यंत पोचलं की कमरपट्ट्यावरचा माल सुटतो आणि भोवती फिरायला लागतो. त्यातून छोटा चंद्र जमतो. मोशप या लघुग्रहाचं असंच आहे: स्वतः भोवरा, २.८ तासांच्या आत एक फेरी, आणि बरोबर एक चंद्र. पृथ्वीजवळच्या बऱ्यापैकी मोठ्या लघुग्रहांत साधारण सहा-सातांत एकाला असा जोडीदार आहे. कधी जोडीदार हळूहळू जवळ येतो आणि अलगद टेकतो. मग तयार होते शेंग: दोन दाणे, मध्ये आवळलेली मान. १९८९ मध्ये कॅस्टॅलिया रडारवर दिसला तेव्हा पहिल्यांदा अशी शेंग दिसली. इतोकावाही त्याच घरातला असावा. त्या मुलीची उपमा माझ्या उत्तरापेक्षा शास्त्राच्या जास्त जवळ होती.

पृष्ठभागाचं एक कोडं स्वयंपाकघरात सुटतं. इतोकावाच्या सखल भागात बारीक खडी आणि वर मोठे धोंडे, ही वाटणी कुणी केली? चिवड्याचा डबा आठवा. चार दिवस डबा हलला की तळाशी मीठ, मसाला आणि चुरा, वर पोहे. लघुग्रहावर लहानसहान दगड आपटत राहतात, प्रत्येक आपटीने रास हादरते, बारीक माल फटींतून खाली उतरतो. ही रास किती सैल असते ते २० ऑक्टोबर २०२० ला दिसलं. ओसायरिस-रेक्सचा हात बेन्नूला टेकला आणि टणक जमिनीऐवजी सुमारे अर्धा मीटर आत गेला. माल इतका भरला की झाकण दगडांनी अडकून उघडं राहिलं. २०२३ मध्ये पृथ्वीवर आलेली ती भर १२१.६ ग्रॅम भरली. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये डार्ट यान मुद्दाम डायमॉर्फोस या एका लघुग्रहाच्या छोट्या चंद्रावर आदळवलं. त्या चंद्राच्या प्रदक्षिणेचा काळ अर्ध्या तासाहून अधिक घटला. अभ्यासकांचं अनुमान असं की नुसता खड्डा न पडता त्याचा सबंध आकारच चपट्याचा लांबट झाला. ज्वारीच्या राशीत ढेकूळ मारलं तर रास जशी बसते, तशी.

लोणारबद्दल विचारलं जाणार हे ठाऊक आहे, म्हणून दोन ओळी. बुलढाणा जिल्ह्यातलं ते सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर बेसाल्टमध्ये पडलेलं, वय अलीकडच्या मोजणीनुसार सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं. तो दगड सीताफळ होता की भोवरा, हे विवर सांगत नाही. एवढ्या वेगाने आदळल्यावर स्फोट होतो, आणि स्फोटाचा खड्डा गोलच पडतो, आदळणारा कसाही असो. हातात येणाऱ्या अशनीच्या काळ्या गुळगुळीत सालीवरूनही फसू नका. ती आपल्या हवेत वितळून आलेली असते, अवकाशातली नसते.

पुस्तिका कशी वाचावी याबद्दल एक विनंती. तिसऱ्या प्रकरणातला प्रयोग आधी करा. खोलीत अंधार करून सीताफळ दोऱ्याने टांगा, त्याला पीळ द्या, समोरून बॅटरी मारा आणि भिंतीवरची सावली बघा: रुंद, अरुंद, रुंद, अरुंद, एका फेरीत दोनदा. दुर्बिणीतून लघुग्रह हा फक्त एक ठिपका असतो. त्याचा उजेड असाच कमीजास्त होतो, आणि एवढ्यावरून माणसं त्याची लांबीरुंदी सांगतात. लांबट सीताफळ घ्या, वाटोळं घेतलंत तर काही दिसणार नाही.

शेवटच्या प्रकरणात अपोफिस हा लघुग्रह आहे. १३ एप्रिल २०२९ ला, आपल्या घड्याळाने १४ तारखेच्या पहाटे तीनच्या सुमारास, तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. तो आदळणार नाही. पण इतक्या जवळून जाताना पृथ्वीची ओढ त्याच्या राशीला ताणेल, त्याचं फिरणं बदलेल, कदाचित कुठे उतार सुटून माल घसरेल. ओसायरिस-रेक्सच नव्या नावाने ते बघायला निघालं आहे. रडारवरून तो लांबट आणि बहुधा दोन गोळ्यांचा वाटतो, त्यापलीकडे खात्रीने काढता येईल असं चित्र आज नाही. म्हणून त्या पानावर आकृतीची चौकट कोरी ठेवली आहे. छापणाऱ्याने दोनदा विचारलं, चित्र राहिलंय का म्हणून. राहिलेलं नाही. ती आठवीतली मुलगी तोवर बारावीच्या परीक्षेतून मोकळी झाली असेल. चौकट तिने भरावी, शिसपेन्सिलीने.